आमच्या परीक्षकांनी स्वतः वापरून पाहिलं आहे

परीक्षकांनी आयुष्यात कधी कांदा चिरला नव्हता आणि मांजर पाळलं नव्हतं. तरीही गेली तीन वर्षं 'कांदा चिरायची सर्वोत्तम पाच यंत्रं' आणि 'मांजरासाठी सर्वोत्तम सात वाडगे' असले लेख त्यांच्या हातून आठवड्याला दोन दोन बाहेर पडत होते. खरेदीचा सल्ला देणाऱ्या एका संकेतस्थळावर 'स्वयंपाकघर आणि पाळीव प्राणी' हा विभाग त्यांच्या गळ्यात पडला होता. या दोन गोष्टी एकत्र का, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. बहुधा दोन्हींत खाण्याचा संबंध येतो म्हणून असेल. प्रत्येक लेखाच्या तळाशी जाड अक्षरांत एक ओळ असायची, 'आमच्या परीक्षकांनी हे स्वतः वापरून पाहिलं आहे.' त्यावरूनच राहत्या इमारतीत त्यांचं नाव परीक्षक पडलं होतं. त्यात आदर किती आणि टिंगल किती, याच्या खोलात ते कधी गेले नव्हते.

त्यांची पद्धत सोपी होती. कंपन्यांकडून माहितीपत्रकं यायची. परीक्षक त्याआधी बावीस वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शोधण्यात डोळे अधू करून घेतलेला माणूस. ज्या पत्रकात शुद्धलेखनाची एकही चूक नाही, त्या कंपनीचा माल चोख असणार असं त्यांना मनापासून वाटायचं. तो पहिल्या नंबरावर. एक-दोन चुका असतील तो दुसऱ्यावर. बाकीचे आपापल्या नशिबाने खाली. यात लबाडी आहे असं त्यांना कधीच वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर अशी माणसं लबाडांपेक्षा जास्त नुकसान करतात.

शिवाय वाचकांचा दाखला होता. लेख आला की दोन दिवसांच्या आत खाली 'समाधानी वाचक' या नावाने कुणीतरी लिहायचं, 'वस्तू उत्तम आहे. घरी सर्वांना आवडली.' मग वर्षाअखेरच्या यादीत परीक्षक ठामपणे लिहायचे, 'वाचकांचा अनुभवही हेच सांगतो.' वाचकांचा म्हणजे त्या एकाचाच. पण अनेकवचन वापरलं की मजकुराला वजन येतं.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, पण कुणा एका गृहस्थाचं बोट लेख वाचून घेतलेल्या किसणीवर किसलं गेलं. त्याने वकिलाकडून पत्र पाठवलं. पत्रात एकच मागणी होती : 'तुमच्या परीक्षकांनी ही किसणी वापरली असेल, तर त्यांच्या दहाही बोटांचा फोटो पाठवावा.'

सोमवारी सकाळी संकेतस्थळाच्या संपादक मॅडमनी परीक्षकांना आत बोलावलं. मॅडम त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होत्या आणि रागावल्या की जास्तच गोड बोलायच्या.

"काका, आता प्रत्येकाने आपल्या घरात, आपल्या ओट्यावर, आपल्या प्राण्याबरोबर वस्तू वापरतानाचे पाच फोटो द्यायचेत. शुक्रवारपर्यंत. नाही आले तर पुढच्या वर्षी करार वाढवणं माझ्या हातात राहणार नाही. तुमच्याकडे प्राणी आहे ना?"

"आहे ना," परीक्षक म्हणाले.

कुठला, असं मॅडमनी विचारलं नाही ते बरंच झालं, कारण ते अजून ठरायचं होतं. छप्पन्नाव्या वर्षी नोकरी गेली तर दुसरी कोण देणार, एवढाच विचार डोक्यात घेऊन परीक्षक नमुन्यांचं खोकं काखोटीला मारून घरी आले.

बायकोने खोकं ओट्यावर बघितलं आणि हातातली सुरी खाली ठेवली. ती एकच सुरी गेली अठरा वर्षं वापरत होती आणि नवऱ्याचा एकही लेख तिने वाचलेला नव्हता.

"हे काय माझ्या ओट्यावर?"

"ऑफिसचं आहे. एक फोटो काढायचाय. मी कांदा चिरतोय असा."

"लोकांना खरं वाटायला हवं ना?"

"हो, म्हणून तर..."

"मग दुसरं काहीतरी करताना काढा."

तरीही तिने एक कांदा दिला. नवरा काय दिवे लावतो ते बघायची संधी तिला सोडायची नव्हती. यंत्राला दोरी होती. ती ओढली की आतली पाती फिरतात आणि 'क्षणार्धात' कांदा बारीक होतो, असं पत्रकात होतं आणि 'क्षणार्धात' अचूक लिहिलेलं होतं. परीक्षकांनी दोरी ओढली. ती हातात आली. दुसऱ्या हाताने धरलेलं झाकण उडून चहाच्या डब्यावर आदळलं, आणि अर्धा कांदा साखरेत जाऊन बसला. उरलेला अर्धा यंत्रात जसाच्या तसा होता. बायकोने साखरेचा डबा उचलला, कचऱ्याच्या बादलीशी नेऊन रिकामा केला आणि परत जागेवर ठेवला. ती चार शब्द बोलली असती तर परीक्षकांना सोपं गेलं असतं.

आता प्राणी. तळमजल्यावर एक निवृत्त शिरस्तेदार राहायचे. कोर्टात आयुष्य गेल्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट तीन प्रतींत आवडायची. त्यांच्याकडे कर्नल नावाचा कुत्रा होता. परीक्षकांनी तासाभरासाठी कर्नल मागितला.

"देतो की," शिरस्तेदार म्हणाले, "पण मी बरोबर येणार. आणि फोटोखाली त्याचं नाव छापायचं, हुद्द्यासकट. उजेड डावीकडून घ्या. उजवीकडून त्याचा जबडा मोठा दिसतो."

एवढ्यात जिन्यातून सेक्रेटरी उतरले. इमारतीचा सेक्रेटरी हा माणूस नसतोच, ती एक चालतीबोलती नियमावली असते. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, परीक्षकांकडे पाहिलं आणि विचारलं, "अर्ज?"

"कसला अर्ज? याच इमारतीतला कुत्रा आहे."

"तळमजल्याचा आहे. तिसऱ्या मजल्यावर तो पाहुणा. प्राणी-प्रवेशाचा अर्ज लागतो. येण्याचं कारण, मुक्कामाची वेळ, लसीचा दाखला आणि शेजारच्या तिन्ही घरांच्या सह्या."

सह्या मागायला गेलं की लोक सही सोडून बाकी सगळं देतात. पहिल्या घरातल्या आजोबांनी कुत्र्याऐवजी कासव सुचवलं, ते फोटोत हलत नाही म्हणून. दुसऱ्या घरातल्या बाईंनी दार उघडलं, परीक्षकांना पाहिलं आणि आतून एक प्रेशर कुकर आणून त्यांच्या हातात ठेवला. "तुम्ही चांगला म्हणालात म्हणून घेतला हो. झाकण लागतं, पण उघडत नाही. आत रविवारचं सूप आहे." तो बुधवार होता. परीक्षक कुकर हातात धरून म्हणाले की प्रत्येक वस्तूला सवय व्हावी लागते. बाईंनी सही केली, पण नावापुढे कंसात 'नाइलाजाने' असं लिहिलं. तिसऱ्या घरातल्या गृहस्थांनी अर्ज वाचला, चष्मा लावून पुन्हा वाचला आणि म्हणाले, "दाखल्यात 'ख' सुटलाय." अर्ज परीक्षकांनी स्वतः लिहिला होता. बावीस वर्षांत कुणी त्यांची चूक काढली नव्हती. ते तिथेच उभे राहिले आणि त्यांचे कान लाल झाले.

संध्याकाळी कर्नल वर आला. त्याच्यासाठी एक खास वाडगा होता, कुत्र्याने घाईने खाऊ नये म्हणून आत उंचवटे केलेला. कर्नलने वाडगा हुंगला, घाई न करता त्याकडे पाठ फिरवली आणि ओट्यावरचा भांडी उचलायचा रबरी हातमोजा ओढून त्याचा अंगठा खाल्ला. परीक्षक ओरडले, शिरस्तेदार त्यांच्यावर ओरडले, आणि बायकोने केरसुणी घेऊन दोघांनाही, कर्नलसकट, दाराबाहेर काढलं. अंगठा कर्नलने दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात परत दिला, तोही नेमका सेक्रेटरींच्या दारात. त्याबद्दल दुसरा अर्ज भरावा लागला.

या धामधुमीत एकच फोटो निघाला होता. त्यात कुत्र्याची मागची बाजू, परीक्षकांचे वर केलेले दोन्ही हात आणि बायकोचं कोपर होतं. तो त्यांनी मॅडमना पाठवला. "यात वस्तू कुठे आहे, काका?" असं उत्तर आलं.

उरला गुरुवार. आणि उरली ताई.

ताई म्हणजे परीक्षकांची मोठी बहीण. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली, शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहणारी. तिच्याकडे दिवाणजी नावाचा बारा वर्षांचा बोका होता. हे परीक्षकांना सोमवारीच आठवलं होतं. पण ताईकडे जायचं म्हणजे दोन बस बदलायच्या, आणि 'दीड वर्ष कुठे होतास' याला उत्तर द्यायचं. बस बदलणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

ताईने दार उघडलं आणि काहीच विचारलं नाही. "आलास? ये, चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली. साखर दीड चमचा, दूध कमी, कप काठोकाठ. तिला सांगावं लागलं नाही. तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

कप तोंडाला लावताना परीक्षकांची नजर स्वयंपाकघराच्या फळीवर गेली आणि कप तिथेच राहिला.

फळीवर त्यांचे तीन वर्षांचे लेख मांडून ठेवले होते. किसणी, पॅन, सोलाणं, अंडी उकडायचं भांडं, लिंबू पिळायचं यंत्र. प्रत्येक वस्तूला ताईच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी आणि लेखाची तारीख. कांदा चिरायची यंत्रं तर दोन होती. खाली दिवाणजीचा संसार : कारंज्यातून पाणी देणारं भांडं, आपोआप साफ होणारा शीचा डबा, नखं घासायचा खांब.

"दोन कशाला घेतलीस?" परीक्षकांच्या तोंडून निघालं.

"पहिल्याची दोरी तुटली. मग वर्षाअखेरच्या यादीत तू पुन्हा तेच पहिलं दिलंस. म्हटलं, मीच ओढायला चुकले असणार. म्हणून दुसरं आणलं."

"आणि?"

"त्याचीही तुटली." ताई हसली. "वय झालं रे आता हाताचं. या पॅनला काही चिकटत नाही म्हणतात, माझं सगळं चिकटतं. तुझ्याकडे सुटतं ना नीट?"

चाळीस वर्षं मुलींना बटणाची काजं शिकवलेला हात तो. त्या हाताने एकही टाका वाकडा घातलेला परीक्षकांनी पाहिला नव्हता. आता त्यांनी काहीतरी बोलायला हवं होतं. पण शुक्रवार उद्यावर होता. "सुटतं," ते म्हणाले, आणि लगेच फोटोंचं सांगितलं.

ताईला कोण आनंद झाला! तिने ओटा पुसला, पडदा सरकवला, दिवाणजीला मांडीवर घेऊन विंचरलं. बोका हाडकुळा दिसत होता, पण त्याच्या मिशांचा रुबाब कायम होता. पाच काय, दहा फोटो निघाले. त्यातल्या एकात परीक्षक पॅन धरून उभे होते, शेजारी मांजराच्या खाण्याची पिशवी होती आणि दिवाणजी त्यांच्याकडे साक्षीदारासारखा बघत होता. फोटो गेले, आणि पाच मिनिटांत मॅडमचा निरोप आला : 'अप्रतिम! बोका किती गोड! काका, करार नक्की समजा.'

परीक्षक खुर्चीत मागे रेलले. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांना पूर्ण श्वास घेता आला.

"खाली मी लिहीन हं दोन ओळी, नेहमीसारख्या," ताई म्हणाली.

"कशाखाली?"

"तुझ्या लेखाखाली. 'समाधानी वाचक' मीच ना. तुला वाटलं कोण?"

परीक्षकांना वाटलं होतं, वाचक.

"अगं, पण तुझ्याकडे तर यातलं काहीच धड चालत नाही!"

"माझा हात चालत नाही, त्यात तुझ्या लिहिण्याचा काय दोष? तुझं नाव मी कशाला खराब करू?" ती दिवाणजीला खाली ठेवत म्हणाली. "बरं, तू आलासच आहेस तर एक सांग. डॉक्टर म्हणतात याचं खाणं बंद करा."

तिने फोटोतली तीच पिशवी उचलली. 'म्हाताऱ्या मांजरांसाठी सर्वोत्तम', पहिला नंबर.

"याच्या मूत्रपिंडाला सूज आहे म्हणतात. हे खाणं त्याला झेपत नाही, दुसरं लिहून देतो, नाहीतर महिना-दोन महिने काढेल, म्हणाले. मी म्हटलं, माझ्या भावाने हे स्वतः वापरून पाहिलंय, त्याला विचारल्याशिवाय बदलणार नाही. तीन आठवडे झाले. डॉक्टर चिडलेत माझ्यावर. तूच सांग, चालू ठेवू ना?"

दिवाणजी वाडग्याशी जाऊन बसला होता. त्याची पाठ वरून पाहिली तर मणके मोजता आले असते.

'डॉक्टर म्हणतात तसं कर' एवढं म्हणून परीक्षकांना सुटता आलं असतं. त्यांनी तसा प्रयत्न करूनही पाहिला.

"डॉक्टर म्हणतात तसं कर ना."

"डॉक्टरांनी कुठे खाऊ घालून पाहिलंय? तू पाहिलंयस."

"नाही पाहिलेलं," परीक्षक म्हणाले.

"म्हणजे तू नाही रे, मांजराने."

"माझ्याकडे मांजर नाही, ताई."

"ते माहीत आहे मला. ऑफिसात असेल."

"ऑफिसातही नाही."

"मग कुणावर पाहिलंस?"

"कुणावरच नाही."

ताई पिशवी हातात धरून उभी राहिली. "मग पहिला नंबर कसा दिलास?"

"त्यांच्या पत्रकात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती," परीक्षक म्हणाले.

ताईने पिशवीवरचा मजकूर नीट वाचला. मग ती फळीकडे वळली.

"किसणी?"

"नाही."

"पॅन?"

"नाही."

"मघाशी म्हणालास, सुटतं."

ताईने फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक वस्तूवर बोट ठेवलं, शांतपणे, वर्गात हजेरी घ्यावी तसं, आणि प्रत्येक वेळी त्यांना 'नाही' म्हणावं लागलं. सोलाणं, अंड्यांचं भांडं, कांद्याची दोन्ही यंत्रं. ती ओरडली असती, रडली असती, एखादं भांडं फेकून मारलं असतं तरी त्यांना चाललं असतं. लाज वाटत होती, आणि त्या लाजेतही 'निदान करार झाला' हा विचार मध्येच डोकं वर काढत होता. त्याची त्यांना आणखी लाज वाटली.

"वस्तू वाईट असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही रे," ताई म्हणाली. "तीन वर्षं मी माझ्या हातांना नावं ठेवतेय."

"ताई, मी मुद्दाम..."

"थांब. आधी याचं बघू दे."

तिने दिवाणजीसमोरचा वाडगा उचलून रिकामा केला, हात धुतले आणि डॉक्टरांना फोन लावला. पलीकडचा आवाज परीक्षकांना ऐकू येत होता. डॉक्टर वैतागलेलेच होते. "काय मग, विचारलंत का भावाला?"

"विचारलं," ताई म्हणाली. "त्याला यातलं काही कळत नाही. तुम्ही नाव सांगा, मी लिहून घेते."

तिने नाव लिहून घेतलं, दोनदा म्हणून दाखवलं, किती द्यायचं आणि कितीदा द्यायचं ते विचारलं. उशीर फार झालाय का, हेही विचारलं. डॉक्टर काय म्हणाले ते या वेळी परीक्षकांना ऐकू आलं नाही, कारण ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला होता. फोन ठेवून ती थोडा वेळ दिवाणजीच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

परीक्षक चुळबुळले. जावं की बसावं ते त्यांना कळेना. त्यांचा पहिला कप अर्धाच राहिला होता आणि त्यावर साय धरली होती. ताईने तो उचलून मोरीत ओतला आणि दुसऱ्या चहाचं आधण ठेवलं. भावाला पुन्हा चहा करायचा एवढी रीत तिने पाळली. पाठमोरी उभी राहून, डब्यात चमचा धरून तिने विचारलं,

"साखर किती लागते तुला?"